कुंपणापलीकडचे श्रोते : विद्यापीठीय नभोवाणीच्या इतिहासाला प्रस्तावना

१९३७ साली एस. ई. फ्रॉस्ट या अमेरिकी अभ्यासकाने आपल्या देशातील शिक्षणसंस्थांच्या रेडिओ केंद्रांची मोजदाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९२१ ते १९३६ या काळात विद्यापीठे, कॉलेजे आणि शाळा यांना मिळून २०२ परवाने दिले गेले होते. १९३७ च्या जानेवारीत त्यांतले ३८ उरले होते. बाकीच्यांपैकी कोणी परवाना सोडून दिला, कोणी दुसऱ्याच्या नावावर केला, कोणाची मुदत संपली आणि पुढे कोणी अर्जच केला नाही. पुस्तक वाचायला रुक्ष आहे. एकेका केंद्राचा जन्म, शक्ती, वारंवारता आणि शेवट, अशी ती नोंदवही आहे. तरी या विषयाकडे नव्याने येणाऱ्याला मी तेच आधी चाळायला सांगतो. विद्यापीठांनी स्वतःच्या केंद्रांचे जे इतिहास छापले ते टिकलेल्या केंद्रांचे आहेत, आणि सुवर्णमहोत्सवी अंकातून अपयशाची कारणे सहसा सापडत नाहीत.

इतक्या केंद्रांची वाताहत झाली, मग ही अडतीस कशी तगली? या क्षेत्रातले बहुतेक चांगले काम याच प्रश्नापाशी सुरू होते. माझे उत्तर असे, की टिकलेल्या केंद्रांपैकी पुष्कळांना विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे असा श्रोता होता, ज्याचे त्या केंद्रावाचून खरोखर अडले असते. जी केंद्रे एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि तिथेच राहिली, ती तो प्राध्यापक कंटाळला किंवा नोकरी सोडून गेला की मिटली. हा नियम नाही, कल आहे. पण उरलेल्यांची यादी पाहिली तर तो ठळक दिसतो : आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट, ओरेगन स्टेट, इलिनॉय, मिनेसोटा, विस्कॉन्सिन. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेतीचे आणि यंत्रविद्येचे शिक्षण देण्यासाठी ज्यांना हात मिळाला, ती ही विद्यापीठे. शेतकऱ्याशी त्यांचा संबंध रेडिओच्या आधीपासूनचा होता.

त्यांतले एकच केंद्र मी इथे तपशिलाने घेणार आहे : मॅडिसन शहरातले, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डब्ल्यूएचए. त्याचे कागद भरपूर आहेत, त्याच्यावर चांगले लिहिले गेले आहे, आणि त्याच्याविषयीच्या दंतकथाही तितक्याच आहेत.

मॅडिसनमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक एडवर्ड बेनेट यांनी बिनतारी संदेशाचा प्रायोगिक परवाना मिळवला. तो १९१५ मध्ये विद्यापीठाच्या नावावर झाला. केंद्राचे संकेतनाम ९एक्सएम. त्याला आकार दिला तो भौतिकशास्त्राच्या अर्ल टेरी यांनी. मोठ्या शक्तीचे व्हॉल्व्ह त्या वेळी बाजारात सहजी मिळत नव्हते, म्हणून टेरी आणि त्यांचे विद्यार्थी ते प्रयोगशाळेतच बनवीत. काच तापवून फुंकायची, आत तंतू आणि जाळी बसवायची, पंपाने हवा ओढून काढायची आणि काच वितळवून तोंड बंद करायचे. एवढी मेहनत करून बनवलेला व्हॉल्व्ह कधी एका कार्यक्रमातच जळून जाई, आणि मग पुढचा तयार होईपर्यंत केंद्र गप्प. या खटपटीत टेरींचा उजवा हात होता माल्कम हॅन्सन हा विद्यार्थी. पुढे तो अॅडमिरल बर्ड यांच्या १९२८ ते १९३० च्या अंटार्क्टिका मोहिमेवर रेडिओप्रमुख म्हणून गेला. मॅडिसनच्या थंडीचा सराव त्याच्या कामी आलाच असणार.

इथवरची कथा इतर शंभर विद्यापीठांचीही सांगता येईल. फरक पडला तो हवामानाने. १९१६ च्या अखेरीस टेरींनी मॅडिसनच्या हवामान कचेरीतल्या एरिक मिलर यांच्याकडून रोजचा अंदाज घ्यायला आणि तो मोर्सच्या लिपीत पाठवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे घरगुती ग्राहकयंत्रे होती ते हौशी लोक तो उतरवून घेत आणि गावात सांगत. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. गवत कापून वाळत घातले आणि त्यावर पाऊस आला, की हिवाळ्याची वैरण कुजली. टपालाने निघालेला अंदाज गावात पोचेपर्यंत ज्या दिवसाचा तो होता तो दिवस उलटून गेलेला असायचा. बिनतारी यंत्राने तो त्याच दिवशी पोचू लागला. एका प्रयोगशाळेच्या उपक्रमाला इथे पहिल्यांदा असे लोक मिळाले, जे तो बंद पडला तर तक्रार करतील.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि खाजगी व हौशी केंद्रे बंद करण्याचा हुकूम निघाला. ९एक्सएमला मात्र नौदलासाठी प्रयोग करण्याकरिता चालू राहू दिले. याच काळात टेरींचे मोर्सकडून मानवी आवाजाकडे जाण्याचे प्रयत्न चालले होते. जानेवारी १९२१ पासून हवामानाचा अंदाज आवाजात नेमाने सांगितला जाऊ लागला, मग बाजारभाव आले, आणि १९२२ च्या जानेवारीत केंद्राला डब्ल्यूएचए हे नाव मिळाले.

राष्ट्रातले सर्वांत जुने केंद्र कोणते, हा वाद इथे येतोच. मॅडिसनच्या आवारातली पाटी तो मान आपल्याकडे घेते आणि १९१७ व १९१९ ही साले देते. पिट्सबर्गचे केडीकेए नोव्हेंबर १९२० च्या निवडणूक निकालांवर दावा सांगते, डेट्रॉइटचे केंद्र त्याच वर्षीच्या ऑगस्टवर, आणि कॅलिफोर्नियात सॅन होजेला चार्ल्स हेरॉल्ड १९०९ पासूनच प्रयोग करीत होते. कशाला प्रक्षेपण म्हणायचे, नेमाने म्हणजे किती नेमाने, यावर निकाल फिरतो. मला हा वाद कंटाळवाणा वाटतो. नव्या अभ्यासकाने त्यात एक दुपार घालवावी, त्याहून अधिक नको.

त्यापेक्षा विल्यम लाइटी यांच्याकडे पाहणे फायद्याचे. ते विद्यापीठाच्या विस्तार विभागातले, आणि केंद्राचे पहिले कार्यक्रमप्रमुख. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक भूमिका मांडली होती : विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचला पाहिजे. ही भूमिका पुढे राज्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. विस्तार विभागाचे लोक पत्राने पाठ पाठवीत, गावोगाव व्याख्याने देत. लाइटींना रेडिओत या सगळ्याचे पुढचे पाऊल दिसले. अभियंत्याच्या हातून केंद्र विस्तार विभागाच्या हाती जाणे, ही माझ्या मते या केंद्राच्या इतिहासातली पहिल्या प्रक्षेपणाहून मोठी घटना आहे. टेरी १९२९ साली वारले. केंद्र त्यांच्यामागे चालू राहिले याचे कारण तोवर ते त्यांचे एकट्याचे उरले नव्हते.

आता कायद्याकडे वळायला हवे, आणि हा भाग टाळून पुढे जाण्याचा मोह नव्या वाचकाला होतो म्हणून थोडा आग्रह धरतो. १९२७ च्या रेडिओ कायद्याने फेडरल रेडिओ कमिशन नेमले गेले. १९२८ मध्ये त्याच्या ४० व्या सर्वसाधारण आदेशाने देशातल्या वारंवारतांची फेरवाटणी झाली. मोकळ्या, दूरवर ऐकू येणाऱ्या वारंवारता मुख्यतः मोठ्या व्यापारी केंद्रांकडे गेल्या. विद्यापीठांच्या वाट्याला कमी शक्ती, दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेले तास, किंवा फक्त दिवसा प्रक्षेपणाची परवानगी आली. परवाने थोड्या महिन्यांचे असत. प्रत्येक नूतनीकरणाला एखादा व्यापारी प्रतिस्पर्धी हरकत घेऊ शकत असे, आणि मग वॉशिंग्टनला सुनावणी, वकील, रेल्वेचे भाडे. छोट्या कॉलेजांनी हा खर्च पाहून हात टेकले. फ्रॉस्टच्या नोंदवहीतले बरेच मृत्यू असे कागदावर झालेले आहेत.

१९३४ मध्ये सिनेटर वॅग्नर आणि हॅटफिल्ड यांनी दुरुस्ती सुचवली, की सगळ्या वारंवारतांपैकी २५ टक्के नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवाव्यात. ती फेटाळली गेली. शिक्षणाला हवा तेवढा वेळ आम्ही आनंदाने देऊ, असे व्यापारी जाळ्यांचे म्हणणे होते. त्या आनंदाचा भाव संध्याकाळच्या तासांना जाहिराती मिळू लागल्यावर किती उतरला, हे त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांत पाहता येते. या लढ्याचा इतिहास रॉबर्ट मॅकचेस्नी यांनी १९९३ मध्ये तपशिलाने लिहिला आणि त्यात शिक्षणतज्ज्ञांचा पराभव ठळक केला. जॉश शेपर्ड यांनी २०२३ च्या आपल्या पुस्तकात त्याच पराभवातून पुढे संशोधन, संघटना आणि सरकारी पाठबळ कसे उभे राहिले ते दाखवले. दोघांची पुस्तके पाठोपाठ वाचावीत. मला स्वतःला शेपर्ड अधिक पटतात, पण मॅकचेस्नींचा संताप मनात ठेवूनच.

फक्त दिवसा प्रक्षेपण म्हणजे नेमके काय? मॅडिसनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. परवाना सूर्यास्तापर्यंतचा, म्हणून केंद्रही तेव्हाच बंद. कामगार कारखान्यातून घरी येतो, शेतकरी धारा काढायला गोठ्यात जातो, आणि नेमका तेव्हा विद्यापीठाचा आवाज नाहीसा होतो. संध्याकाळचा प्रौढ श्रोता, ज्याच्यासाठी लाइटींनी मूळ स्वप्न पाहिले, तो असा कायद्यानेच हिरावून घेतला. राहिले कोण? सकाळी घरात असलेल्या बायका, दुपारी जेवायला घरी आलेला शेतकरी, आणि शाळेत बसलेली मुले. डब्ल्यूएचएची पुढची पन्नास वर्षांची कीर्ती याच तिघांवर उभी आहे. तिच्यामागे जितकी शिक्षणदृष्टी आहे तितकाच परवान्यावरचा तो निर्बंधही आहे, आणि गौरवग्रंथांत हे फारसे येत नाही. गृहिणींचा कार्यक्रम अॅलीन हॅझर्ड यांनी अनेक वर्षे चालवला. मुंबई आकाशवाणीचे ‘वनिता मंडळ’ ऐकत वाढलेल्या वाचकाला त्याची जातकुळी लगेच ओळखू येईल. पुस्तकातले एकेक प्रकरण रोज वाचून दाखवणारा कार्यक्रम तिशीच्या दशकात रुळला. ठरलेला पाहुणा आला नाही म्हणून केंद्रप्रमुख हॅरल्ड मॅकार्टी यांनी हाताशी असलेले पुस्तक उघडून वाचायला घेतले आणि श्रोत्यांनी पुढचे प्रकरण मागितले, अशी त्याच्या जन्माची कथा सांगतात.

मुलांची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. मॅकार्टी १९३१ मध्ये केंद्रप्रमुख झाले आणि त्याच वर्षी ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाले. राज्यात तेव्हा एकशिक्षकी शाळा हजारो होत्या. एक खोली, पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले, आणि बहुधा विशीतली एक शिक्षिका. तिला गणित येई, वाचन घेता येई. संगीत, चित्रकला, निसर्गाभ्यास कोण शिकवणार? रेडिओ मास्तराची जागा घेणार नव्हता, मास्तरीण वर्गात होतीच. तिला जे जमत नव्हते तेवढे तो पुरवणार होता. वॅकलिन मॅकनील हे ‘रेंजर मॅक’ या नावाने मुलांना रानावनाची ओळख करून देत. आणि संगीताचे प्राध्यापक एडगर गॉर्डन गाणे शिकवीत.

गॉर्डन यांची अडचण डोळ्यांसमोर आणा. स्टुडिओत ते एक सूर लावतात. समोर वर्ग नाही. राज्यभर विखुरलेल्या खोल्यांतून हजारो मुले तो सूर उचलतात आणि त्यांतला एकही आवाज गॉर्डनना ऐकू येत नाही. कुठे चुकले, कोण खालच्या पट्टीत गेले, कळायला मार्ग नाही. तरी ते थांबतात, मुलांना म्हणायला लागेल तेवढा वेळ अंदाजाने जाऊ देतात, आणि जणू ऐकूनच पुढे म्हणतात, आता दुसरी ओळ. न ऐकलेल्या वर्गाला लय देण्याचे हे कौशल्य त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ वापरले. वर्षाअखेरीस निरनिराळ्या गावांतली मुले मॅडिसनला एकत्र येत आणि एकाच छताखाली ती गाणी एकत्र गात. ज्या मुलांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, त्यांना तीच गाणी, त्याच पट्टीत, पाठ असत. गॉर्डनना आपला वर्ग ऐकू येई तो त्या दिवशी.

अशा शाळांतल्या एका मुलाचे नाव बिल सीमरिंग. मॅडिसनजवळच्या ग्रामीण शाळेत त्याने हे पाठ रेडिओवर ऐकले, विद्यापीठात आल्यावर डब्ल्यूएचएवर काम केले, मग न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएफओ या केंद्राचा प्रमुख झाला. १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले कार्यक्रमप्रमुख सीमरिंग होते. संस्थेचे उद्देशपत्र त्यांनीच लिहिले, आणि ३ मे १९७१ ला सुरू झालेला ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा वार्तापत्राचा कार्यक्रम त्यांच्याच कल्पनेतून घडला. अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीचा जन्म वॉशिंग्टनमध्ये कायद्याच्या कागदावर झाला असे मानण्याची रीत आहे. माझ्या मते तिची एक जन्मखूण तरी त्या एकखोली शाळांत शोधली पाहिजे.

कायद्याच्या कागदाचीही एक गंमत आहे. १९६७ च्या सुरुवातीला कार्नेगी आयोगाचा अहवाल आला तो टेलिव्हिजनविषयी. रेडिओ त्यात नव्हताच. विद्यापीठीय केंद्रांच्या लोकांनी धावपळ केली, ‘द हिडन मीडियम’ नावाचा अहवाल घाईने तयार करवून घेतला, आणि विधेयकाच्या मसुद्यात रेडिओचा उल्लेख अगदी अखेरच्या टप्प्यावर घुसला. ७ नोव्हेंबर १९६७ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रक्षेपण कायद्यावर सही केली. दिवसा प्रक्षेपणाच्या मर्यादेवर तोडगा त्याआधीच निघाला होता. १९४५ मध्ये एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग शिक्षणासाठी राखला गेला, आणि विस्कॉन्सिनने १९४७ पासून १९५२ पर्यंत आठ एफएम केंद्रे उभारून राज्याचा मोठा भाग व्यापला. एफएमला सूर्यास्ताची अट नव्हती. हे सर्व राज्याच्या खर्चाने झाले, आणि त्यासाठी आमदारांपुढे जी पत्रे ठेवता आली ती शेतकऱ्यांची, शिक्षिकांची आणि गृहिणींची होती.

इथे मालकीचा प्रश्न येतो. विद्यापीठाची मालकी हे कवच आहे तसेच जोखीमही. डब्ल्यूएचएने १९३२ च्या निवडणुकीत सगळ्या पक्षांना फुकट आणि सारखा वेळ दिला, समाजवाद्यांनाही. व्यापारी केंद्रावर तेव्हा ज्याच्या खिशात पैसा त्याचा वेळ, असा हिशेब होता. हे धाडस विद्यापीठाची सावली होती म्हणून पचले. पण तीच सावली काढून घेतली जाऊ शकते. कुलपतींना नवी प्रयोगशाळा हवी असते, आणि एफएम परवान्याला बाजारात किंमत असते. सीमरिंग यांनी ज्या डब्ल्यूबीएफओवर आपले प्रयोग केले, ते केंद्र बफेलो विद्यापीठाने २०१२ मध्ये शहरातल्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेच्या हवाली केले. श्रोत्यांच्या दृष्टीने केंद्र सार्वजनिकच राहिले, पण विद्यापीठाचे राहिले नाही. राइस, व्हँडरबिल्ट या विद्यापीठांनी साधारण त्याच सुमारास विद्यार्थ्यांची केंद्रे विकली. विद्यार्थी केंद्रे आणि विद्यापीठाच्या मालकीची सार्वजनिक केंद्रे या दोन वेगळ्या शाखा आहेत. नवे अभ्यासक त्यांची सरमिसळ करतात, ती टाळावी. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रक्षेपणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि १९६७ च्या कायद्यातून जन्मलेल्या महामंडळाने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायची घोषणा केली. फ्रॉस्टची नोंदवही पुन्हा उघडण्याची वेळ आली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता साधनांविषयी. रेडिओचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली निराशा ही, की आवाज उरलेला नसतो. विशीच्या दशकातले जवळपास सगळे प्रक्षेपण हवेत विरले. पुढे तबकड्यांवर आणि फितींवर काही राहिले, पण फिती महाग असत, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. उरतात ते कागद : रोजच्या प्रक्षेपणाच्या नोंदवह्या, संहिता, अंदाजपत्रके, परवान्याच्या सुनावण्यांचे वृत्तांत, आणि श्रोत्यांची पत्रे. पत्रांना मी सर्वांत वरचे स्थान देतो, पण सावधपणे. केंद्राने जी जपली ती बहुधा कौतुकाची होती. शैक्षणिक प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेचा संग्रह हे या क्षेत्रातले मोठे भांडार. त्याची विभागणी अशी झाली, की कागद विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक सोसायटीकडे आणि ध्वनिफिती मेरीलँड विद्यापीठाकडे. एका ठिकाणी संहिता, हजार किलोमीटरवर तिचा आवाज. अलीकडे दोन्ही एकत्र आणून ते आंतरजालावर खुले करण्यात आले आहेत, त्यामुळे पुण्यात किंवा नांदेडला बसूनही हे काम करता येते. डब्ल्यूएचएवर रँडल डेव्हिडसन यांचे २००६ चे पुस्तक तपशिलाला पक्के आहे आणि दंतकथांना हळुवार टाचणी लावते. विद्यापीठीय केंद्रांच्या एकूण आरंभकाळासाठी ह्यू स्लॉटन यांचे २००९ चे पुस्तक घ्यावे.

मराठी वाचकाला या सगळ्याचे काय, असे कोणी विचारील. दोन धागे दाखवतो. भारतातली कृषी विद्यापीठे त्याच अमेरिकी धर्तीवर उभी राहिली, शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छताखाली घेऊन. राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. पण विस्तार आला तरी रेडिओचा मनोरा विद्यापीठाच्या हाती आला नाही, कारण प्रक्षेपण ही सरकारची मक्तेदारी होती. कृषी विद्यापीठातला तज्ज्ञ आकाशवाणीच्या स्टुडिओत जाऊन बोलत असे. ज्ञान एकाचे, प्रक्षेपक दुसऱ्याचा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी मंडळे स्थापली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर चर्चा करीत आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवीत. मूळ कल्पना कॅनडाची, मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते पॉल न्यूरथ यांनी केले. गॉर्डनना जे वर्षातून एकदा मिळत होते, ते, म्हणजे श्रोत्याचा उलट आवाज, इथे आठवड्याला दोनदा मिळत होते. असे असूनही या प्रयोगावर मराठीत जितके लिहायला हवे होते तितके लिहिले गेलेले नाही.

दुसरा धागा न्यायालयातला. हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. मराठी वाचक त्यांना पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि सार्वजनिक जीवनातले एक परखड गृहस्थ म्हणून ओळखतो. त्यांचे हे निकालपत्र मात्र माध्यमांच्या अभ्यासक्रमांत नावापुरते येते. या निकालानंतर बऱ्याच वर्षांनी सरकारने शिक्षणसंस्थांना छोट्या शक्तीची केंद्रे चालवायला परवानगी दिली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर आली, आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना नाही. मॅडिसनने १९३२ मध्ये उमेदवारांना जे व्यासपीठ दिले तसे काही आपल्या विद्यापीठाच्या केंद्राला करता येत नाही. प्रक्षेपकाची शक्ती इतकी बेताची, की आवाज काही किलोमीटरांपलीकडे जात नाही. म्हणजे कायद्याने तिथे दिवसाच्या तासांवर घातलेली मर्यादा इथे अंतरावर आणि विषयांवर आली आहे. अशा मर्यादेतून कोणता श्रोता घडतो आणि कोणता सुटतो, हा प्रबंधाचा विषय आहे.

तो कोणी हाती घेतला, तर सुरुवात मुलाखतींपासून करू नये. माणसे प्रेमाने बोलतात आणि तारखा चुकवतात. आधी परवान्याचा अर्ज मिळवावा, त्यात केंद्र कशासाठी हवे म्हणून लिहिले आहे ते पाहावे. मग विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात केंद्राचा खर्च कोणत्या शीर्षाखाली, कोणत्या विभागाच्या नावे पडतो ते वर्षावार उतरवून घ्यावे. तो विभाग बदललेला दिसला, की ज्या वर्षी बदलला त्या वर्षाच्या प्रक्षेपणाच्या नोंदवह्या मागाव्यात. नोंदवही हाती आली तर एक आठवडा निवडावा आणि तासातासाने लिहून काढावे, की त्या वेळी बोलणारा कोण होता आणि तो आवारातला होता की बाहेरचा.